हेडमास्तरांची सहा हजार पावलं

हेडमास्तरांनी आयुष्यातली पहिली कॉपी केली ती वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, आणि तीसुद्धा पावलांची.

ज्या माणसानं चौतीस वर्षं परीक्षेच्या हॉलमधून मांजरासारखं फिरून बाह्यांतल्या, मोज्यांतल्या आणि एकदा तर पायाच्या खोट्या प्लास्टरमधल्या चिठ्ठ्या बाहेर काढल्या, त्याच्यावर उतारवयात ही वेळ यावी! पण दोष त्यांचा नव्हता, निदान त्यांचं स्वतःचं तसं ठाम मत होतं. दोष लेकीचा. तिनं वाढदिवसाला मनगटावरचं घड्याळ पाठवलं. हे घड्याळ वेळही दाखवायचं, पण ते आपलं जोडधंदा म्हणून. त्याचा मूळ धंदा चहाड्या सांगण्याचा. मालक किती चालला, किती झोपला, त्याचं काळीज कसं चाललंय, हे सगळं टिपून ते परगावी लेकीच्या फोनवर रोजच्या रोज पोचतं करायचं.

"बाबा, रोज सहा हजार पावलं," लेकीनं फोनवर बजावलं. "मला इथं दिसतात हं."

पहिल्या दिवशी चारशे बारा भरली, आणि तीही बाथरूमच्या फेऱ्या धरून. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी खुर्चीत बसल्या बसल्या हात हलवून पाहिला. अर्ध्या तासात नव्वद पावलं पडली आणि खांदा धरला. तिसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता माई पिशवी घेऊन बाजारात निघाल्या, तेव्हा हेडमास्तरांनी पेपरातून मान वर न काढता घड्याळ पुढे केलं.

"अगं, तू चाललीच आहेस तर हे घालून जा."

"मी? तुमचं घड्याळ?"

"पावलं काय, आपल्या घरातलीच."

माई हसल्या. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसानं कधी वशिला लावला नव्हता, कुणाचे मार्क वाढवले नव्हते, शाळेचा खडू घरी आणला नव्हता. एकदा तरी जरा वाकडं वागावंसं वाटलं याचं त्यांना कौतुकच वाटलं असावं. त्यांनी घड्याळ चढवलं आणि निघाल्या. साडेअकराला परत आल्या तेव्हा घड्याळात चार हजार जमली होती. दुसऱ्या दिवसापासून माई बाजाराहून येताना तळ्याला दोन चकरा जास्त मारू लागल्या. "सहाला कमी पडत होती हो," त्या दारात टेकून, दम खात म्हणायच्या. इमारतीची लिफ्ट दुरुस्तीत होती. ती गेलं दीड वर्ष दुरुस्तीतच होती, आणि घर तिसऱ्या मजल्यावर.

असे तीन आठवडे मोठ्या सुखात गेले. मग एका संध्याकाळी लेकीचा फोन आला, आणि आवाज काही नेहमीचा नव्हता.

"बाबा, छातीत धडधडतंय का?"

"छे! का गं?"

"घड्याळानं इशारा दिलाय. ठोके अनियमित. या आठवड्यात चार वेळा. बाबा, हृदयाचे वरचे कप्पे असतात ना, ते तालात आकसायचे सोडून नुसते थरथरतात. एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात त्याला. खूप जणांना असतं, घाबरू नका. पण दुर्लक्ष नाही करायचं."

'घाबरू नका' हे शब्द कानावर पडेपर्यंत हेडमास्तर घाबरले नव्हते. त्यानंतर मात्र त्यांच्या छातीत असं काही धडधडायला लागलं की ते फोन ठेवून सोफ्यावर आडवे झाले. घड्याळ रोज सकाळी कुणाच्या मनगटावर असतं हा विचार त्यांच्या डोक्याला शिवलासुद्धा नाही. भीती वाटली की माणसाला फक्त स्वतःचंच काळीज ऐकू येतं. माईंनाही तो विचार सुचला नाही. बाजारात घड्याळ मनगटावर थरथरायचं, पण चष्मा घरी असायचा. सहा हजार पुरी झाल्याबद्दल ते शाबासकी देतंय अशी त्यांची समजूत.

बातमी इमारतभर व्हायला एक रात्र पुरली. सकाळी खालच्या मजल्यावरचे विमावाले हजर. त्यांनी आयुष्यभर लोकांना मरणाची भीती दाखवून पोट भरलेलं, त्यामुळे आजारी माणसाशी बोलायची त्यांना चांगली सवय होती.

"सर, माझ्या साडूचं सेम टू सेम," ते खुर्ची जवळ ओढत म्हणाले. "असाच बसला होता. बोलता बोलता तोंड वाकडं!"

"मग?"

"मग काय? अजून वाकडंच आहे. तुम्ही एक करा. धडधडलं की बर्फाच्या पाण्यात तोंड बुडवायचं. ठोका जागेवर."

समोरच्या शिलाईवाल्या बाईंनी लसूण सांगितला, तोही उपाशीपोटी, अख्खा, न चावता. तो गिळताना हेडमास्तरांच्या घशात अडकला आणि माईंनी पाठीत असे धपाटे घातले की मूळ आजारच बरा वाटावा. बर्फाच्या पाण्याचाही प्रयोग झाला. त्यानं काळजाचं काय झालं ते कळलं नाही, पण आठ दिवस सर्दी मात्र पक्की जागेवर बसली.

नेहमीच्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला आणि पट्टी उजेडात धरली. "सर, इतका सुंदर कार्डिओग्राम! मी भिंतीवर लावला असता."

हेडमास्तरांचा जीव भांड्यात पडला. पण घरी येतात तोच लेकीचा फोन, "बाबा, आज सकाळी पुन्हा!"

"हे असंच असतं," डॉक्टर दुसऱ्या दिवशी म्हणाले. "हा त्रास येतो नि जातो. नेमका आमच्यासमोर बसला की शहाण्यासारखा वागतो. त्याला रंगेहाथ पकडावं लागतं. मोठ्या हॉस्पिटलात हृदयाच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांच्याकडे जा."

रंगेहाथ! हा शब्द ऐकून हेडमास्तरांना आजारपणात पहिल्यांदाच हुरूप आला. पकडायचं काम त्यांच्या हाडीमासी मुरलेलं.

मोठ्या हॉस्पिटलात मात्र पहिल्याच खिडकीवर त्यांचा हुरूप उतरला.

"त्रास काय होतो?" खिडकीतल्या बाईंनी स्क्रीनवरून नजर न हलवता विचारलं.

"मला काही होत नाही. घड्याळाला दिसतं."

"मग घड्याळवाल्याकडे न्या."

"बाई, मी निवृत्त मुख्याध्यापक आहे."

"इथं 'त्रास' असा रकाना आहे, काका. 'मुख्याध्यापक' असा नाही. रकाना रिकामा ठेवला तर कॉम्प्युटर पुढे जात नाही."

शेवटी माईंनीच मागून सांगितलं, "लिहा हो बाई, धाप लागते, थकवा येतो, मधूनच छातीत फडफडतं." बाईंनी लिहिलं. हेडमास्तरांना वाटलं, काय ही हजरजबाबी! आजाराची लक्षणं कशी तोंडपाठ आहेत हिला!

डॉक्टरीणबाई वयानं त्यांच्या लेकीएवढ्या आणि बोलायला लाघवी होत्या. त्यांनी आधी चोवीस तासांचं यंत्र लावायला सांगितलं. ते लावताना एका तंत्रज्ञ मुलीनं हेडमास्तरांच्या छातीवरचे केस पाच ठिकाणी गोल गोल भादरले. शर्ट काढून परक्या मुलीसमोर बसणं हाच मोठा अपमान. त्यात तिनं "आजोबा, हलू नका, नाहीतर नक्षी बिघडेल" असं म्हटलं. शाळेत त्यांच्या पुढ्यात कुणी शिंकायलासुद्धा परवानगी मागत असे.

चोवीस तासांत काही सापडलं नाही. मग सात दिवसांची चिकटपट्टी आली. ती डाव्या छातीवर चिकटवायची आणि सोबत एका वहीत लिहायचं, काय करत होता, काय वाटलं. हेडमास्तरांनी वही शाळेच्या शेरेपुस्तकासारखी लिहिली. 'सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे: विमावाले आले. किंचित धडधड. नऊ वाजून चाळीस मिनिटे: विमावाले गेले. धडधड थांबली.' 'दुपारी तीन: पेपरातील शुद्धलेखनाच्या अकरा चुका. संताप. ठोके जलद, परंतु ते योग्यच.'

या आठवड्यात त्यांनी स्वतःला जपायचं ठरवलं. जिना उतरायचा नाही, पाण्याची बादली उचलायची नाही, इस्त्रीचे कपडे आणायला जायचं नाही. माईच तीनतीनदा खाली उतरत नि वर चढत होत्या. सकाळची फेरीही चालूच होती. लेकीला पावलं कमी दिसली तर ती धसका घेईल, असं दोघांचं म्हणणं पडलं होतं. एकदा माई दुधाच्या पिशव्या घेऊन वर आल्या आणि दाराच्या चौकटीला धरून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. आत हेडमास्तर पेपर वाचत होते.

"अगं, जरा सावकाश चढत जा," ते म्हणाले. "तुझ्या धापेचा आवाज आला की मला इथं धडधडायला लागतं."

"बरं," माई म्हणाल्या आणि श्वास दाबून आत गेल्या. हेडमास्तरांनी वहीत नोंद केली: 'सकाळी आठ वाजून पाच मिनिटे: सौभाग्यवतींच्या धापेमुळे धडधड.'

हे वाक्य त्यांना पुढे फार दिवस झोपू देणार नव्हतं.

आठवडा संपला. दोघं डॉक्टरीणबाईंसमोर बसले. माईंच्या मांडीवर फाईल, पिशवी, पाण्याची बाटली. डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर दोन कागद होते. एक चिकटपट्टीचा, दुसरा घड्याळातला, जो लेकीनं पाठवला होता.

"सर, तुमची पट्टी म्हणते, सातही दिवस ठोके अगदी नियमित," त्या म्हणाल्या. "आणि तुमचं घड्याळ म्हणतं, त्याच सात दिवसांत पाच वेळा अनियमित. मंगळवारी दहा वाजून बावन्न मिनिटांनी घड्याळात ठोके एकशे अठ्ठेचाळीस. त्याच मिनिटाला पट्टीत बहात्तर." त्यांनी चष्मा वर सारला. "दोन्ही एकाच माणसाच्या अंगावर होती ना?"

हेडमास्तरांनी कागद हातात घेतले. एकाच नंबरच्या दोन उत्तरपत्रिका, आणि अक्षर दोन हातांचं. असे कागद त्यांनी आयुष्यात किती पाहिले होते! एका नजरेत कळायचं. आताही कळलं.

"आणि हे पाहा," डॉक्टरीणबाई बोट फिरवत म्हणाल्या. "इशारा येतो तो चालताना नाही, थांबल्यावर. पाचसहाशे पावलं, मग थांबणं. पुन्हा तीनशे, पुन्हा थांबणं. शेवटी जिना. एकेका मजल्यावर दोनतीन मिनिटं थांबणं. म्हणजे चालताना दम लागून बसावं लागतंय. सकाळी दहा ते साडेअकरा तुम्ही नक्की काय करता, सर?"

"चालतात," माई चटकन म्हणाल्या. "रोज चालतात हो. मी पाहते ना. आधी बाजार, मग तळं. हळूच चालतात, पण चालतात."

हेडमास्तरांनी माईंकडे पाहिलं. माई समोर कॅलेंडरकडे बघत होत्या. कपाळावर घाम होता. हॉस्पिटलाच्या पायऱ्या चढून आल्याला वीस मिनिटं होऊन गेली होती. आयुष्यात कधी खोटं न बोललेली ही बाई नवऱ्याची अब्रू राखण्यासाठी एका डॉक्टरसमोर धडधडीत खोटं बोलत होती, आणि ते बोलतानाही तिला मधे एकदा श्वास घ्यावा लागला होता.

"ती खोटं बोलतेय," हेडमास्तर म्हणाले. "मी चालत नाही. एक पाऊलसुद्धा नाही. दहा ते साडेअकरा मी पेपर वाचतो. घड्याळ हिच्या हातात असतं. मी कॉपी केली, डॉक्टर. हे हिचं हृदय आहे."

"अहो, काहीतरीच काय!" माई म्हणाल्या. "मला काय झालंय? वय झालं, एवढंच."

डॉक्टरीणबाईंनी उठून माईंचं मनगट धरलं. अर्धा मिनिट, मग आणखी अर्धा मिनिट. मग दाराकडे बघून म्हणाल्या, "सिस्टर, कार्डिओग्राम. आजींचा. आत्ता."

पट्टी बाहेर आली. हेडमास्तरांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण आपल्या सुंदर कार्डिओग्रामातल्या रेघा रांगेत उभ्या राहिलेल्या मुलांसारख्या होत्या आणि या मधली सुट्टी झाल्यासारख्या, एवढं त्यांनाही दिसलं.

"हेच ते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग खुर्ची ओढून माईंच्या जवळ बसल्या. "आजी, किती दिवस दम लागतोय?"

"असेल तीनचार महिने."

"सांगितलं का नाहीत?"

"सांगणार होते," माई म्हणाल्या. "तेवढ्यात हे आजारी पडले."

हेडमास्तरांनी पाण्याची बाटली उघडली, बंद केली, पुन्हा उघडली.

मग डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं. वरचे कप्पे थरथरत राहिले की रक्त तिथं साचतं, गाठ धरतं, आणि ती गाठ मेंदूकडे गेली की झटका येतो. म्हणून पहिलं काम गाठ होऊ न देण्याचं. माईंचं वय अडुसष्ट, ब्लडप्रेशर आहे, म्हणजे गोळी सुरू करायलाच हवी. नव्या गोळ्या चांगल्या आहेत, दर पंधरवड्याला रक्त तपासायची कटकट नाही, पण दिवसातून दोनदा, वेळ न चुकवता. दुसरी गोळी ठोक्यांचा वेग आवरायला. शिवाय थायरॉइड, इको, वजन, मीठ आणि झोप. "झोपेत श्वास अडकतो का तेही पाहायला हवं. आजी घोरतात का, सर?"

"मी तरी कधी ऐकलं नाही," हेडमास्तर प्रामाणिकपणे म्हणाले.

"ऐकतील कसे?" माई म्हणाल्या. "त्यांच्या घोरण्यात माझं बुडून जातं."

डॉक्टरीणबाई हसल्या. हेडमास्तरांना मात्र हसायला यायच्या ऐवजी भलतंच काहीतरी यायला लागलं, म्हणून ते खिडकीपाशी जाऊन पार्किंगमधल्या गाड्या बघत उभे राहिले.

त्या संध्याकाळी त्यांनी लेकीला फोन करून सगळा गुन्हा कबूल केला. त्यांना वाटलं, आता ही बोलणार, आणि बोलायला हवंच. पण ती रडत हसत म्हणाली, "बाबा, तुम्ही प्रामाणिकपणे चालला असता, तर आईचं कळलंच नसतं." हा युक्तिवाद हेडमास्तरांना तत्त्वतः अमान्य होता. कॉपी करून पास झालेल्या मुलांचे पालक असंच बोलत. पण त्या दिवशी त्यांनी वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवसापासून घराची शाळा झाली. स्वयंपाकघराच्या दारावर वेळापत्रक लागलं: सकाळी आठ, गोळी, रात्री आठ, गोळी, मधे ब्लडप्रेशर. बाजार, दूध, इस्त्री सगळं हेडमास्तरांकडे आलं. पहिल्याच दिवशी त्यांनी भाजीवाल्याला टोमॅटोच्या पाटीवरचं शुद्धलेखन दुरुस्त करून दिलं आणि टोमॅटो घ्यायचे विसरले. तीन मजले चढताना ते स्वतः दोनदा थांबले. दुसऱ्या जिन्याच्या वळणावर कठड्याला धरून उभे असताना त्यांना आठवलं की तो कागदावरचा थांबा नेमका हाच. इथंच ती उभी राहायची, पिशव्या घेऊन. मग ते उगीचच आणखी थोडा वेळ तिथं उभे राहिले.

विमावाले पुन्हा सल्ले घेऊन आले, पण हेडमास्तरांनी दारातच सांगितलं, "या घरात आता बर्फ आणि लसूण फक्त स्वयंपाकासाठी."

पाच आठवडे गोळ्या झाल्या. वेग आवरला, पण ताल काही येईना, दम जाईना. मग डॉक्टरीणबाईंनी पुढचा उपाय सुचवला. मांडीजवळच्या शिरेतून बारीक नळ्या हृदयापर्यंत न्यायच्या आणि जिथून चुकीचे इशारे उठतात तिथल्या वाटा बंद करून टाकायच्या. छाती उघडायची नाही. एकदोन दिवसांत घरी. "पूर्वी आम्ही हे अगदी शेवटी करायचो," त्या म्हणाल्या. "हल्ली लवकर करतो. जितकं लवकर, तितका ताल टिकण्याची शक्यता जास्त. शंभर टक्के खात्री मात्र मी देणार नाही."

माईंनी हेडमास्तरांकडे पाहिलं नाही. "करू या," त्या म्हणाल्या. "मला जिना चढायचाय."

आता यात अडचण यायला नको होती. पण निवृत्तांच्या आरोग्य योजनेचं कार्यालय मधे होतं. तिथून मंजुरी हवी होती. हेडमास्तरांनी सगळी कागदपत्रं टाचून दिली आणि बारा दिवसांनी मंजुरी आली. ती त्यांच्याच नावाची होती. 'रुग्ण: पुरुष, वय एकाहत्तर.'

"अहो, पण मला काहीही झालेलं नाही!" हेडमास्तर कारकुनाच्या टेबलावर वाकून म्हणाले.

"मूळ नोंद तुमच्या नावावर आहे ना, सर. घड्याळ तुमचं, फाईल तुमची, सात दिवसांची पट्टी तुमची," कारकून म्हणाला. तो बिचारा खरोखरच मदत करायला बघत होता. "एक सुचवू? मंजूर झालंच आहे तर तुम्ही करून घ्या, आणि आजींसाठी नवा अर्ज टाका. एकदा मंजूर झालेलं रद्द करणं फार अवघड असतं."

"मी निरोगी हृदयात नळ्या घालून घेऊ?"

"नाहीतर मग प्रतिज्ञापत्र लागेल. घड्याळातलं हृदय नक्की कुणाचं, त्याचं."

हेडमास्तर तिथंच बाकावर बसले आणि त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'मी खाली सही करणार लिहून देतो की, सदर घड्याळात नोंदले गेलेले हृदय माझे नसून माझ्या पत्नीचे आहे. ते दररोज सकाळी दहा ते साडेअकरा या वेळेत माझ्या नावावर चालत होते. यात माझ्या पत्नीचा काहीही दोष नाही.'

कारकुनानं ते दोनदा वाचलं. मग शिक्का हातात घेऊन म्हणाला, "यात कालावधी लिहावा लागेल, सर. कधीपासून चालत होतं तुमच्या नावावर?"

"घड्याळात म्हणाल तर सहा आठवडे," हेडमास्तर म्हणाले. "तसं पाहिलं तर सेहेचाळीस वर्षं."

कारकुनानं सहा आठवडे लिहिले, शिक्का मारला आणि कागद तिसऱ्याच दिवशी पुढे गेला. त्या कार्यालयाच्या इतिहासात असं पूर्वी कधी घडलं नसावं.

नळ्यांच्या उपचाराच्या दिवशी माईंना आत नेलं तेव्हा त्यांनी जाता जाता सांगितलं, "फ्रीजवर दूधवाल्याची चिठ्ठी आहे. आणि पेपर वाचत बसा, उगीच फेऱ्या मारू नका." दार मिटलं. हेडमास्तरांनी पेपर उघडला. पहिल्या पानावरच्या एकाही चुकीकडे त्यांचं लक्ष गेलं नाही.

थोड्या वेळानं शेजारच्या खुर्चीवर कुणीतरी येऊन बसलं. विमावाले होते. हेडमास्तरांनी मनाची तयारी केली. आता साडू येणार, वाकडं तोंड येणार. पण विमावाले नुसते बसून राहिले. मधे एकदा उठून त्यांनी दोन चहा आणले, एक हेडमास्तरांच्या हातात दिला. सव्वादोन तास झाले. त्यांनी एकही सल्ला दिला नाही. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, मास्क खाली करून म्हणाल्या, "छान झालं, ताल आलाय," तेव्हा हेडमास्तर उठायला गेले आणि खाली पडलेल्या पेपरात पाय अडकून त्यांचा तोल गेला. त्या वेळी दंड धरणारा हात विमावाल्यांचाच होता.

घरी सोडताना सिस्टरनं सांगितलं, पहिले दोनतीन महिने ठोका मधूनमधून चुकेल, घाबरायचं नाही. गोळ्या बंद करायच्या नाहीत. आणि तिनं हेडमास्तरांना नाडी बघायला शिकवलं. तीन बोटं अंगठ्याच्या खाली ठेवायची, दाबायची नाहीत, नुसती टेकवायची आणि वाट बघायची. पहिल्या दिवशी त्यांना काहीच लागेना. "मी आहे अजून," माई म्हणाल्या. "जरा खाली बघा." मग लागलं. त्यांच्या बोटांखाली काहीतरी बारीक, ठाम उचललं जात होतं. सेहेचाळीस वर्षं हे इथं होतं आणि त्यांनी कधी हात लावून पाहिलं नव्हतं. रोज सकाळ-संध्याकाळ ते मोजून वहीत लिहू लागले. या वहीत शेरे नव्हते, फक्त आकडे.

मधे दोनदा ताल बिघडला. एकदा तर दुपारभर. हेडमास्तर वाळून कोळ झाले. माईंनीच त्यांना धीर दिला. पुढे तो आपोआप बसला.

तीन महिन्यांनी तपासणी झाली. ताल टिकला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू ठेवायची, ब्लडप्रेशर सांभाळायचं. रोज नाडी मोजायची आता गरज नाही, सर. तुम्हीही जरा सुट्टी घ्या."

दोघं बाहेर बसस्टॉपवर येऊन उभे राहिले. माई हॉस्पिटलाच्या पायऱ्या उतरून, रस्ता ओलांडून, एकदाही न थांबता आल्या होत्या. स्टॉपवर कॉलेजच्या दोन मुली, एक पोस्टमन आणि मांडीवर छत्री घेतलेले गृहस्थ होते. बस यायला वेळ होता. हेडमास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं, घसा साफ केला आणि माईंचं मनगट हातात घेतलं. चारचौघांत, भर रस्त्यात. मुलींनी एकमेकींना कोपरानं ढोसलं.

"अहो, लोक बघतायत," माई हळूच म्हणाल्या. "आणि आता मोजायचं नाही म्हणाल्या ना त्या?"

"खात्री केलेली बरी."

बोटांखाली ठोका यायचा, जायचा, पुन्हा यायचा. बस आली. मुली चढल्या, पोस्टमन चढला, छत्रीवाले गृहस्थ चढले. कंडक्टरनं वाकून पाहिलं, दोघांपैकी कुणी हललं नाही, तेव्हा त्यानं घंटी मारली आणि बस निघून गेली.

"किती झाले?" माईंनी विचारलं.

हेडमास्तरांना आकडा आठवेना. एकोणिसाच्या आसपास कुठेतरी त्यांचं मोजणं सुटलं होतं.

"चुकलं," ते म्हणाले. "पहिल्यापासून मोजतो."

"मोजा," माई म्हणाल्या आणि त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.